शर्टाखालचं पिस्तूल

डेल्मर वॉट्रिंग हा माझा तीस वर्षांचा शेजारी. काउंटीच्या रस्तेखात्यात तो बर्फ ढकलायच्या गाड्या दुरुस्त करायचा. उंच, जरासं पोक आलेला, आणि बोलणं इतकं बेताचं की फोनवर आपणच मध्येमध्ये ‘आहेस ना?’ असं विचारायचं. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. ऐन जुलैतसुद्धा त्याचा चौकड्यांचा शर्ट पँटीबाहेर सोडलेला असायचा, कारण उजव्या कमरेला, पट्ट्याच्या आत, चामडी खोळीत त्याचं पिस्तूल असायचं. सकाळी उठून चष्मा, घड्याळ, पाकीट आणि पिस्तूल. चर्चमध्ये, किराणा आणायला, दात काढायला, माझ्या नवऱ्याला मातीत ठेवायला आला तेव्हासुद्धा.

त्यात नवल काही नाही. आमच्या या डोंगराळ भागात निम्म्या माणसांच्या अंगावर काही ना काही असतं, माझ्याही पर्समध्ये आहे. पण आमचं आठवलं तर असतं, नाहीतर गाडीतच राहतं. डेल्मरचं रोजचं होतं, आणि ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा काढताना शर्ट सरकला तर तो कान लाल करून झटकन खाली ओढायचा. आतले कपडे दिसल्यावर माणूस लाजतो, तसा.

गावातल्या बहुतेकांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठीचं शिक्षण त्याच्याकडेच घेतलं होतं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शनिवारी तो वर्ग घ्यायचा. पिस्तूल काढावं कसं हे शिकायला आलेल्यांना तो अर्धा दिवस ते काढू नये केव्हा हेच सांगत बसायचा. ‘गोळी सुटली की ती तुमची,’ म्हणायचा. ‘भिंतीतून आरपार गेली तरी तुमची, पलीकडच्या घरात कुणाला लागली तरी तुमची. परत बोलावता येत नाही.’ मग एकेकाला उभं करून कागदी माणसाकडे बोट दाखवायचा आणि विचारायचा, ‘ह्याच्या मागे काय आहे?’ भिंत म्हटलं की म्हणायचा, भिंतीच्या मागे काय आहे? आम्ही वैतागायचो. पण पाठ सगळ्यांना झालं.

घराच्या तळघरात त्याचा दुसरा संसार होता. जुन्या लष्करी रायफली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या, वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांनी टाकून दिलेल्या. भिंतीवर ओळीनं लावलेल्या, धुळीचा कण नाही. एकही त्यानं हौसेनं उडवल्याचं मला आठवत नाही. त्याला रस होता तो दस्त्यावरच्या खोकांमध्ये, कुणीतरी चाकूनं कोरलेल्या दोन अक्षरांमध्ये. एका स्विस रायफलीचा दस्ता डावा गाल टेकून टेकून झिजलेला होता. ‘डावखुरा होता बिचारा,’ तो मला म्हणाला होता, जणू तो शिपाई आत्ताच वरच्या खोलीत कॉफी पीत बसलाय.

या वेडात त्याचा एकच जोडीदार, हॉबर्ट सिसलर. खाणीवर वेल्डर. डेल्मर जितका मुका तितका हा बोलघेवडा. दोघं मिळून ओहायो, पेन्सिल्व्हेनियातल्या शस्त्रांच्या बाजारांना जायचे. सोबत हॉबर्टच्या बायकोनं, नेओमानं, बांधून दिलेले पेपरोनी रोल, मसालेदार मांसाच्या चकत्या भरलेले पाव. एकदा नेपाळच्या कुठल्याशा जुन्या शस्त्रागारातून निघालेल्या मार्टिनी रायफली विकायला आल्या. एकट्याला झेपेना म्हणून दोघांनी अर्धे-अर्धे घालून एक घेतली. आली ती काळ्या ग्रीसच्या लादीत गाडलेली. ती लादी वितळवायला या दोघांनी नेओमाच्या स्वयंपाकघरात पाणी उकळायला ठेवलं, आणि घरभर असा वास सुटला की तिनं पडदे उतरवून धुतले.

“तुम्हा दोघांचंच लग्न लावून द्यायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी तरी सुटले असते.”

“तुझे रोल कुणी केले असते मग?” हॉबर्ट म्हणाला.

“डेल्मरनं. त्याचं घर बघ आणि आपलं बघ.”

डेल्मर हसला होता. नेओमासमोर तो हसायचा. ती रायफल सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, दोन मुलांकडे आळीपाळीनं राहणाऱ्या म्हातारीसारखी. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला डेल्मर सिसलरांकडे जायचा आणि येताना किंवा जाताना ती ब्लँकेटात गुंडाळून त्याच्या काखेत असायची.

नेओमा गावातल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत हे तिला ठाऊक असे आणि ते तिच्या तोंडून कधीही बाहेर पडलं नाही. आमच्यासारख्या गावात ही मोठी गोष्ट आहे.

तो नोव्हेंबर होता. डेल्मर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात गेला. रांगेत त्याच्या पुढे कुणी नव्हतं, नेओमा त्याची पिशवी शोधत होती. तेवढ्यात शेन टीट्स आत आला. शेन तेव्हा तिशीला टेकलेला. त्याचा बाप डेल्मरबरोबर रस्तेखात्यात होता. खाणीत पाठ मोडल्यावर डॉक्टरांनी शेनला दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, आणि पुढची कथा आमच्याकडे घरोघरी आहे, ती मी सांगत नाही. त्याच्या कोटाखालून नळी कापलेली बंदूक निघाली. त्यानं नेओमाकडे त्या गोळ्या मागितल्या, नावानं. आणि मग त्याला डेल्मर दिसला.

डेल्मरचा हात तोवर शर्टाच्या कडेपर्यंत गेला होता. शेनला माहीत होतं तिथं काय आहे. सगळ्यांना माहीत होतं.

“डेल्मरकाका, नको,” तो म्हणाला. “मला कुणाला काही करायचं नाही. घेतो आणि जातो.”

शेनच्या बरोबर मागे शुभेच्छापत्रांचा गोल फिरता स्टँड होता, आणि तिथं एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला पोटाशी घेऊन खाली बसली होती. दोन पावलांवर. डेल्मरनं शर्टाची कड सोडली आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवले. नेओमाला तो हळू आवाजात म्हणाला, “देऊन टाक त्याला.” तिनं कपाट उघडलं, बाटल्या पिशवीत भरल्या, पिशवी पुढे सरकवली. शेननं ती उचलली. सगळं संपल्यातच जमा होतं. आणि काउंटरवरचा फोन वाजला.

कुणीतरी आपली औषधं तयार आहेत का विचारायला केलेला फोन. शेन दचकला आणि बंदूक उडाली. काउंटरच्या काठावर टेकलेली असताना. नेओमा जागच्या जागी गेली. शेन पिशवी तिथंच टाकून पळाला आणि नदीकाठच्या रस्त्यावर गाडीत रडत बसलेला पोलिसांना सापडला. डेल्मर काउंटरवरून आत उडी मारून गेला होता. त्यानं स्वतःचा शर्ट काढून तिच्या छातीवर दाबून धरला होता. पोलीस आत आले तेव्हा तो बनियनवर, गुडघ्यांवर, आणि त्याचं पिस्तूल पहिल्यांदाच सगळ्या गावाला उघडं दिसलं. खोळीत, खोळीच्या पट्टीचं बटण लावलेलं.

त्या बटणाचीच चर्चा झाली. बटण लावलेलंच होतं म्हणे. पहिल्या आठवड्यात लोक हळहळत होते, त्याच्या दारात शिजवलेल्या जेवणाची भांडी ठेवून जात होते. मग दफन झालं, आणि बोलायला सुरुवात झाली. वीस वर्षं कमरेला बांधून फिरला ते कशासाठी? शेनच्या बापाचा मित्र होता, म्हणून हात चालला नाही. वर्गात मोठमोठ्या गप्पा आणि वेळ आली तेव्हा हात काउंटरवर. मी दुकानात, केस कापायला गेले तिथं, चर्चच्या पायऱ्यांवर हे ऐकलं. बोलणारे सगळे त्याच्याच वर्गातून पास झालेले. मी एकीला म्हटलं, मागे मूल होतं. ती म्हणाली, असं तो सांगतो.

खटला पुढच्या उन्हाळ्यात चालला. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण तिथं दाखवलं. आवाज नव्हता, पण चित्र स्वच्छ होतं. शेनची पाठ, त्या पाठीच्या सरळ रेषेत त्या मुलीचं डोकं, पिवळी टोपी घातलेलं. राज्य पोलिसांच्या अधिकाऱ्यानं साक्षीत सांगितलं की या माणसानं जे केलं तेच आम्ही आमच्या लोकांना शिकवतो. त्या मुलीची आई साक्षीला होती. तिनं सगळं खरं सांगितलं, डेल्मरकडे एकदाही न बघता. मला वाटलं होतं बाहेर आल्यावर ती त्याचा हात हातात घेईल. ती पोरीला घेऊन गाडीत बसली आणि निघून गेली. पुढं चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायला लागली, त्याच्यापासून लांब. ऋणाचं ओझं माणसाला नकोसं होतं हे मला माहीत होतं, पण इतकं नकोसं होतं हे नव्हतं.

शेनला जन्मठेप झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मी अंगणात टोमॅटोंना काठ्या बांधत होते तेव्हा हॉबर्टची गाडी डेल्मरच्या दारात थांबली. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच आला होता. मला बरं वाटलं. डेल्मर पायऱ्या उतरून पुढे झाला. हॉबर्टनं गाडीच्या मागच्या भागातून ब्लँकेटाची गुंडाळी काढली आणि गवतावर ठेवली. गुंडाळी आखूड होती.

मार्टिनी रायफल त्यानं मधोमध कापली होती. वेल्डरच होता तो, काप अगदी सरळ होता. आणलेला भाग दस्त्याकडचा.

“ही तुझी अर्धी,” तो म्हणाला.

डेल्मर खाली वाकला, त्यानं कापलेल्या नळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“मी ते चित्रण बघितलं. तीनदा बघायला लावलं त्यांनी,” हॉबर्ट म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “तुझं बरोबर होतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण ते पोर कुणाचं कोण, आणि माझी बायको गेली. तू दिसलास की मला ते दिसतं. तेव्हा तू माझ्या घरी येऊ नकोस. कुठं दिसलास तरी माझ्याशी बोलू नकोस.”

“बरं,” डेल्मर म्हणाला.

एवढंच. हॉबर्ट गेला. डेल्मर ती गुंडाळी उचलून आत गेला आणि दोन दिवस मला तो दिसला नाही. चुकला असतास तर मी माफ केलं असतं, असा काहीसा भाव होता हॉबर्टच्या बोलण्यात. बरोबर असलेल्याला माफ कसं करायचं, हे त्याला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नसतं.

शनिवारच्या वर्गाला माणसं येईनाशी झाली. शेजारच्या काउंटीतून एक नवा शिक्षक यायला लागला. काळा टी-शर्ट, दंडावर गोंदण. तो दीड सेकंदात पिस्तूल काढायला शिकवायचा, आणि औषधाच्या दुकानाचं उदाहरण द्यायचा, नाव न घेता. नाव घ्यायची गरज नव्हती. सॉफ्टबॉलच्या मैदानात कुणाच्या हातून झेल सुटला की पोरं ओरडायची, “अरे, डेल्मर झाला!” बायका नवऱ्यांना म्हणायच्या, बघत काय उभा आहेस डेल्मरसारखा, ती पिशवी धर. काही वर्षांत अशी पोरं ते म्हणायला लागली ज्यांना डेल्मर हे माणसाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं.

तो मात्र पिस्तूल बांधतच राहिला. मी एकदा विचारलं, कशाला आता? म्हणाला, काढून ठेवलं तर ते म्हणतात ते खरं होईल, आणि ठेवलं तरी ते म्हणतातच. मग निदान सवय तरी का मोडू?

आणखी काही वर्षांनी वेड बोलयार्डचं प्रकरण झालं. वेड हा नव्या शिक्षकाचा आवडता विद्यार्थी. पेट्रोल पंपावर तो गाडीत बसला होता, एका अनोळखी माणसानं काचेवर टकटक केलं आणि दुसरा हात कोटाच्या खिशात घातला. वेडनं काचेतूनच गोळी झाडली, आणि तो तिथंच गेला. तो माणूस पलीकडच्या राज्यातला, नातवाला भेटून परत चाललेला. वेडच्या टाकीचं झाकण उघडं लोंबकळत होतं, ते सांगायला आला होता. खिशात हातमोजे होते. पंपावर कॅमेरा होता, त्यात सगळं दिसलं. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या, आमच्याच काउंटीतल्या माणसांच्या ज्यूरीनं वेडवर तो भरायला नकार दिला. लोक म्हणाले, भ्याला बिचारा, कुणीही भ्यालं असतं.

वकिलाच्या खर्चासाठी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. बकव्हीटची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, धिरडी आणि सॉसेज. मी गेले, सगळं गावच गेलं होतं. मी रांगेत असताना हॉलमधला आवाज एकदम खाली आला म्हणून वळून बघितलं, तर दारात डेल्मर. त्यानं डब्यात पैसे टाकले, ताट घेतलं आणि रांगेत उभा राहिला. तव्यावर हॉबर्ट होता. डेल्मर त्याच्यासमोर आला तेव्हा हॉबर्टनं मान वर न करता दोन धिरडी ताटात टाकली, जशी सगळ्यांच्या टाकत होता.

डेल्मर कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसला. मी ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. वेडच्या टेबलावर हशा चालला होता. लोक जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारत होते. तिथला एक जण आम्हाला ऐकू यावं अशा बेतानं म्हणाला, “काही म्हणा, याचा हात तरी चालतो.”

डेल्मरनं धिरडी कापून खाल्ली, ताटातला पाक पुसून घेतला. मग उठला आणि वेडच्या टेबलापाशी गेला. तिथल्या एक-दोघांचे हात नकळत कमरेकडे गेलेले मी बघितले. डेल्मर वेडकडे बघत उभा राहिला, रागानं नाही, आजाऱ्याला कुठं दुखतं हे विचारावं तसा.

“तुझ्या खिडकीत तो उभा होता,” तो म्हणाला. “त्याच्या मागे काय होतं?”

वेडनं इकडेतिकडे बघितलं. “मला काय माहीत,” तो म्हणाला.

डेल्मरनं मान हलवली, ताट नेऊन धुण्याच्या टबात ठेवलं आणि निघून गेला. त्याच्या मागे कुणीतरी फोनचा आवाज काढला, ट्रिंग ट्रिंग, आणि अख्खं टेबल पोट धरून हसलं. तव्यापाशी हॉबर्टच्या हातातलं उलथनं थांबलं होतं. त्याची पुढची धिरडी करपली, एवढंच.

त्या हिवाळ्यात डेल्मरनं रायफली विकायला काढल्या. ओहायोचा एक व्यापारी आला आणि दुपारभरात भिंती मोकळ्या करून गेला. व्यापारी जुन्या अक्षरांची, खोकांची चौकशी करेल म्हणून डेल्मरनं सांगायची तयारी ठेवली होती, प्रत्येकीजवळ थांबत होता. पण त्या माणसाला घाई होती. घर विकलं गेलं ते मार्चमध्ये. तो मेरीलँडला भाचीकडे राहायला चालला होता. तिकडे आमच्याकडचा परवाना चालत नाही, म्हणून पिस्तूलही त्यानं व्यापाऱ्यालाच दिलं होतं.

निघायच्या आधी तो माझ्या स्वयंपाकघरात कॉफीला आला. शर्ट पँटीत खोचलेला. मला ते बघवेना. मी त्याला जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. पुन्हा तसंच झालं, तर?

त्यानं कप खाली ठेवला.

“तेच करीन,” तो म्हणाला. “तिथंच तर घोडं अडलंय, व्हर्ना. माझं चुकलं असतं तर रोज रात्री गुडघे टेकून देवाजवळ रडलो असतो. हॉबर्टच्या पाया पडलो असतो. काहीतरी करता आलं असतं. मला पश्चात्ताप करायलासुद्धा जागा नाही.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं थोडा वेळ राहू दिला, मग काढून घेतला, आणि कप विसळून ठेवला.

भाचीचं पत्र आलं ते दोन वर्षांनी. झोपेत गेला, त्रास झाला नाही, तिकडेच पुरलं. गावात मी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. विचारणारं कुणी नव्हतं. वेड आता अग्निशमन दलात उपप्रमुख आहे, नाताळात पोरांना खेळणी वाटतो. माणूस तसा वाईट नाही.

हॉबर्टला मात्र सांगायला हवं असं वाटलं. तो लोखंडी सामान आणि बी-बियाणं विकणाऱ्या दुकानात लावणीचे बटाटे निवडत होता. मी जाऊन सांगितलं. तो एक बटाटा हातात फिरवत राहिला. कसा गेला, म्हणून विचारलं. झोपेत, मी म्हटलं.

“बरं झालं,” तो म्हणाला.

मग बटाटा परत पेटीत टाकून दुसरा उचलला, त्याचे डोळे मोजल्यासारखे बघितले, आणि मला विचारलं की यंदा तू कुठले लावणार, लाल की पांढरे. मी म्हटलं, लाल.